निरोप नळीच्या टोकाला कसे पोहोचले

तीर्थरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार, त्यातला निम्मा तुझ्या गुडघ्यांना. नवा डॉक्टर सारख्या तपासण्या सांगतो म्हणतेस, तर त्याच्यावर नजर ठेव.

माझं म्हणशील, तर प्रयोगशाळेत माझ्याविरुद्ध कारस्थान शिजत होतं. मी काय काम करते ते तुला आठवत नसेल (बाबाही 'फुलांचं काहीतरी' म्हणून वेळ मारून नेतात). परागकण काचेच्या बशीत साखरेच्या पाण्यात ठेवला की त्याला बारीक नळी फुटते आणि ती लांबत जाते. कोणतं प्रथिन बनवायचं याचे निरोप पेशीत असतात, त्यांना संदेशवाहक आरएनए म्हणतात. वाढत्या नळीत हे निरोप नेमके कुठे असतात, ते मी चमकता रंग लावून बघते. शेजारच्या टेबलावरचा भिंगवालाही (चष्मा जाड, बोलणं कमी, म्हणजे संशयाला ऐसपैस जागा) तेच करतो. त्याच्याकडे निरोप नळीच्या टोकाशी दाटीनं जमलेले. माझ्याकडे नळ्या खुरटलेल्या आणि निरोप वाट्टेल तिथे विखुरलेले. आमच्या प्रमुख बाई मला दुसरा विषय घे म्हणू लागल्या.

आणि एकाएकी माझेही निरोप टोकाला येऊ लागले. बाई खूश झाल्या, मी नाही. भिंगवाला स्वतःच्या बश्या माझ्या जागी ठेवत असणार आणि उद्या माझ्यावरच चोरीचा आळ घेणार, हे मी ताडलं. मग माझ्या बश्यांना खालून नखांचा रंग लावला आणि जेवणाच्या सुट्टीत फ्रिजमागे दबा धरून बसले. तो आला आणि माझ्याच बश्या उचलून त्यानं उबेच्या पेटीत ठेवल्या.

"माझ्या बश्यांना हात का लावलात?" मी बाहेर येऊन विचारलं. (संशय आला की मी अहोजाहो करते.)

दचकून त्याचा चष्मा घसरला. "तुझ्या टेबलावर एसीचा झोत येतो. गारठ्यात नळ्या वाढत नाहीत, म्हणून सुट्टीपुरत्या उबेला ठेवतो आणि परत आणतो. सांगायला आलो होतो, तर म्हणालीस, 'तुम्हाला माझं टेबल हवंय.'"

म्हणाले होते खरं. मी तडक बाईंना सगळं सांगितलं. शोधनिबंधावर आता त्याचंही नाव येईल. पण आत्या, स्वतःचं जेवण सोडून दुसऱ्याचे परागकण उबेला ठेवणारा माणूस सरळ कसा असेल? हल्ली तो माझ्याबरोबरच डबा खातो आणि मोठा वाटा मला देतो. मी आधी त्याला खायला लावते.

तुझी सावध भाची

ता. क. : रविवारी तो तुझ्याकडे येईल. तुझ्याइतकं खोदून विचारणारं आपल्या घरात कोणी नाही. घरची माणसं, राग, घोरणं, सगळं विचार.

पुन्हा ता. क. : काही खोट सापडली तर मला कळवू नकोस. मी हो म्हणून बसले आहे. आई-बाबांना तेवढं तू सांग.