कान आणि काना

अक्का, आज वांगी भाजली. गॅसवर भाजली, हे तुला सांगताना ओशाळायला होतं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळाशिवाय भरीत करणारीला तू आपल्या जळगावच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नसतंस. पण वास तोच सुटला, आणि त्या वासाबरोबर तुझा आवाज आला, 'वाच वं.' म्हणून वांगी ताटात तशीच टाकून कागद घेऊन बसले आहे. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे. आयुष्यभर मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं, इतरांच्या निबंधांतली आई लाल शाईनं दुरुस्त केली, आणि स्वतःच्या आईला लिहायला मात्र आज बसले.

आपली रीत कुणाला सांगितली तर अजूनही खरी वाटत नाही. नाटक कंपनीच्या हँडबिलावर तुझ्या नावाआधी 'चतुर्भाषा विदुषी' असं ठसठशीत छापलेलं असायचं, आणि त्या विदुषीला स्वतःचं नाव त्या कागदावर कुठे आहे हेही कळत नसे. अक्षरं म्हणजे तुझ्या लेखी मुंग्यांची रांग. मी सात वर्षांची झाले, बाराखडी शिकले आणि तुझे डोळे झाले. कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या त्या दोन खोल्यांत तू चुलीपुढे, मी उंबऱ्यावर मांडीत नाटकाची वही घेऊन. तू लाकडी उखळीत हिरव्या मिरच्या कांडते आहेस. मी एक वाक्य वाचते, तू मुसळाचे चार घाव घालतेस आणि ते वाक्य जसंच्या तसं मला परत देतेस, मी श्वास घेतला असेल तर त्या श्वासासकट. कळण्याच्या भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत पान तुझं झालेलं असायचं. एकदा वाचलेलं मला पुन्हा कधी वाचावं लागलं नाही. तुला रूपाचा गर्व नव्हता, गळ्याचाही नव्हता. गर्व होता तो कानाचा. माझ्या कानात पडलेलं वाया जात नाही, असं तू म्हणायचीस, आणि मीसुद्धा ते शाळेत मैत्रिणींना ऐकवायची.

उर्दू तू कंपनीतल्या बऱ्हाणपूरच्या म्हाताऱ्या सारंगीवाल्या खाँसाहेबांकडून उचललीस. तुझा घशातला उच्चार ऐकून ते म्हणत, बाई, आमच्या मोहल्ल्यात हे आता राहिलं नाही. गुजराती आली ती दोंडाईच्याच्या एका शेटाणीबाईंकडे पापड लाटता लाटता. इंग्रजीचं तर विचारूच नको. भुसावळला रेल्वेच्या साहेबलोकांच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी तू टेबलांमधून फिरत गायचीस, आणि पियानोवर एका गार्डसाहेबांची मडम असायची. तुझ्या हातात गाण्याचा कागद असे, निव्वळ शोभेला. तो उलटा धरला जाऊ नये म्हणून मी वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं ठिपका काढून द्यायची. साहेब मंडळी सूपचा चमचा हवेत धरून ऐकत राहायची, आणि मी खांबाआडून फक्त तो ठिपका बघत उभी. आज मला त्याहून वेगळंच आठवतं. नवं गाणं शिकताना तू मडमला शब्दांचे अर्थ विचारायची नाहीस. तू विचारायचीस, ही बाई हे कुणाला सांगते आहे, आणि तो अजून समोर आहे की निघून गेला. एवढं कळलं की तुला पुरे व्हायचं. मी पुढे चारचार पदव्यांच्या माणसांची व्याख्यानं ऐकली, पण कवितेला इतका नेमका प्रश्न विचारणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही.

आणि ही चार भाषांची बाई घरी माझ्याशी बोलायची ती पाचवी, आपली खानदेशी. तू शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याची सून. माझे वडील तापाच्या साथीत गेले, दिरांनी दार लावून घेतलं, आणि कापूस वेचताना म्हणायच्या गाण्यांच्या जोरावर तू मला काखोटीला मारून कंपनीत शिरलीस. मालकांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रंगभूमीवर तुझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' ऐकू येता कामा नये, आणि नायिकेला लेकरू असता कामा नये. पहिली गोष्ट तू तुझ्या जिभेवर साधलीस आणि दुसरी माझ्या. बोलायला लागल्यापासून मी तुला सगळ्या कंपनीसारखीच अक्का म्हणत आले. 'माय' हा शब्द मी तुझ्यासमोर कधी वापरलाच नाही. बाहेरचं कुणी विचारलं तर मी तुझी धाकटी बहीण. तू हे इतक्या सहज सांगायचीस की ते नाटक आहे हे कधीकधी मीही विसरून जायची.

धुळ्याला मात्र विसरता आलं नाही. मी तेरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी फक्त बायकांसाठी दुपारचा खेळ होता आणि एका वकिलांची बायको बिऱ्हाडी हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन आली. तिच्याबरोबर माझ्याएवढीच मुलगी होती. ती सारखी आईच्या पदराशी चाळा करत होती आणि बाई बोलता बोलताच तिची वेणी सारखी करत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण? तू हसून म्हणालीस, माझी धाकटी बहीण. त्या म्हणाल्या, वाटलंच, नाकडोळे तसेच आहेत. तू त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलीस आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. शंभरदा ऐकलेलं वाक्य होतं, पण त्या दिवशी ते मला लागलं. खूप लागलं, अक्का. मला वाटलं, ही बाई राण्यांची सोंगं आणते, जोगिणींची आणते, तिला एवढं एक खरं बोलायला काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाटककारांनी घाईघाईत एक नवा प्रवेश लिहून पाठवला. तालमीला वेळ नव्हता. तू पाट्यावर चटणी वाटत होतीस आणि मी वाचत होते. राणी वनात गेलेल्या राजाला म्हणते, 'महाराज, आपल्यावाचून हा प्रासाद मला खायला उठतो.' मी वाचलं, 'हा प्रसाद मला खायला उठतो.' तुझा हात थांबला. तू विचारलंस, "परसाद खावाले उठस म्हंजे काय वं?" मी वहीतून मान वर न करता म्हटलं की राणीची भाषा अशीच असते, पुस्तकी. तू मान डोलावलीस आणि पुढे वाटू लागलीस. मला काना दिसला होता.

दुपारी थिएटर भरून वाहत होतं. लेकुरवाळ्या, सुना, सासवा, पुढच्या रांगेत कन्याशाळेच्या मोठ्या बाई. तू त्या वाक्याशी आलीस, गळा दाटून आणलास आणि म्हणालीस, हा प्रसाद मला खायला उठतो. आधी पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू मागे मागे सरकत थेट शेवटच्या बाकापर्यंत गेलं. विंगेत मालकांनी कपाळाला हात लावला. मी पडद्याची दोरी धरून उभी होते. मला एवढंच हवं होतं का, हे मला तेव्हा कळेना. तू पेटीवाल्याकडे पाहिलं नाहीस, विंगेकडे पाहिलं नाहीस. दोन पावलं पुढे आलीस, राणीचा शेला डोक्यावरून आपल्या गावाकडच्या बाईसारखा ओढून घेतलास आणि हळू आवाजात म्हणालीस, "हासा बाई, बठ्ठ्या हासा. ज्या घरमा धनी नही, तठे देवना परसाद बी खावाले उठस."

हसू जागच्या जागी थांबलं. एक म्हातारी मोठ्यानं 'खरं शे माय' म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला, आणि मग कितीतरी पदर डोळ्याला लागले. तू तिथेच उभ्या उभ्या कापूस वेचायच्या गाण्याच्या दोन ओळी म्हटल्यास, पेटीशिवाय. ज्या भाषेला रंगभूमीवर बंदी होती तिच्यात राणी रडली, आणि समोरच्या बायकांना पहिल्यांदा वाटलं असेल की राजवाड्यातली बाई आपल्याच गल्लीतली आहे. मी तुझे कितीतरी खेळ पाहिले, पण त्या क्षणाइतकी मोठी नटी मी कधी पाहिली नाही. पुढे अमळनेरला, जामनेरला, जाऊ तिथे बायका परसादाचा प्रवेश मागू लागल्या. मालकांनी हँडबिलावरचं 'चतुर्भाषा' खोडून 'पंचभाषा' करून घेतलं, जणू काही ही त्यांचीच युक्ती.

पण ते नंतर. त्या दुपारी पडदा पडल्यावर कन्याशाळेच्या बाई आत आल्या. त्यांनी तुझं कौतुक केलं आणि जरा जपून विचारलं की मूळ शब्द प्रासाद असावा, प्रासाद म्हणजे राजवाडा, मग तो मुद्दाम बदलला का? मालक, पेटीवाले, खाँसाहेब, सगळे उभे होते. हो म्हटलं असतंस तर विदुषीची शान आणखी वाढली असती. तू माझ्याकडे पाहिलंस. मग तू मला जवळ ओढलंस आणि म्हणालीस, "मला वाचता येत नाही, बाई. ही माझी मुलगी. हीच मला सगळं वाचून दाखवते. हिनं बरोबरच वाचलं असणार, माझा कान चुकला."

एका दमात तू दोन्ही गोष्टी देऊन टाकल्यास. तुझं झाकलेलं निरक्षरपण आणि झाकलेली मी. जे मिळत नाही म्हणून मी ते केलं होतं ते मला मिळालं, आणि ते तोंडात माती आल्यासारखं लागलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तुझा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो हात तिथून निघून जाईल या भीतीनं मी गप्प राहिले.

त्या दिवसापासून तू बदललीस, आणि ते फक्त मला दिसलं. रंगभूमीवर तू आणखी धीट झालीस, पण चुलीपुढे तू एक वाक्य ऐकून ते परत देईनाशी झालीस. प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावायचीस, म्हणायचीस, "दोन डाव वाच वं." आणि वर हसून पुस्ती जोडायचीस की कान म्हातारा झाला. तेव्हा तू पस्तिशीचीसुद्धा नव्हतीस. जळगावला परतल्यावर तू माझ्यासाठी जाडजूड शब्दकोश आणलास, दुकानात हातांनी तोलून सगळ्यात जड होता तो. मी पहिल्यांदा उघडला तो 'प्र'चं पान काढून. तो अजून शेल्फावर आहे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षाच्या उन्हाळ्यात, अगदी शेवटी, औषधाच्या बाटलीवरचं लेबलही तू माझ्याकडून दोन डाव वाचून घेत होतीस. चार भाषा ज्या कानानं कमावल्या त्याच्यावरचा तुझा विश्वास मी एका कान्यासाठी घालवला. शाळेत काना विसरलेल्या मुलींना मी कधी शिक्षा केली नाही. सगळे म्हणत, बाई फार मायाळू.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे, आणि पोचलं तरी तुला ते वाचून कोण दाखवणार? ते काम पहिल्यापासून माझंच. म्हणून आत्ता इथे, गार झालेल्या वांग्यांसमोर बसून, तुझ्यासाठी ते मोठ्यानं वाचलं. तुझ्या रीतीप्रमाणे दोन डाव वाचलं. आणि अक्का, 'मला काना दिसला होता' ही ओळ आली तेव्हा दोन्ही डाव मी ती गाळून पुढे गेले.