ईदच्या सुट्टीतला बेसबॉल

दम्माम

प्रिय किशोरी,

तुझा मेसेज मिळाला. ईदच्या सुट्टीत कुठे गेलात, मुलांचे फोटो का नाही टाकलेस, असं विचारलंस. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच "अगं, ऐक ना" म्हणतेस आणि मग मी ऐकतच बसते. कॉलेजच्या दिवसांपासून आपलं हे असंच आहे. म्हणून या वेळी लिहितेय. शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

आम्ही बेसबॉलची मॅच बघायला गेलो होतो. खरंच! इकडे खोबरच्या बाजूला परदेशी इंजिनिअर लोकांचं एक कंपाउंड आहे. उंच भिंतीच्या आत हिरवळ, सायकलवर हुंदडणारी पोरं आणि चक्क बेसबॉलचं मैदान. ईदला तिथे अमेरिकन विरुद्ध जपानी असा सामना असतो आणि ओळखीच्यांना बायकामुलांसकट बोलावतात. इतकी वर्षं आम्ही इथे आहोत, पण हर्षने कधी नेलं नव्हतं. तुझ्या भावाची सुट्टी तुला माहीतच आहे. दुपारभर झोप आणि संध्याकाळी मॉलमध्ये एक चक्कर. या वेळी मात्र पास त्यानेच आणले. इराला आणि शार्विलला टोप्या आणल्या. मला गॉगल आणला. मी पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, चिवडा असं सगळं डब्यांत भरलं. मुलं सकाळपासून टोप्या घालून घरात फिरत होती. खूश होते गं मी. वेड्यासारखी खूश होते.

गाडी मी चालवली. मला लायसन मिळालं तरी हर्ष शेजारी बसला की पायाने हवेत ब्रेक मारत असतो. त्या दिवशी त्याने तेही केलं नाही. खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, माणूस निवांत झालाय. आमचं शाळेचं वर्षही नुकतंच संपलं होतं. नव्या वर्षापासून प्रायमरीची सुपरवायझर म्हणून माझं नाव पक्कं झालं होतं. पहिला फोन मी तुलाच केला होता, आठवतं? तू म्हणालीस, "वा! पार्टी पाहिजे." मी त्या फोनबद्दल हल्ली खूप विचार करते.

मॅच छान होती, हे कबूल करायला हवं. हवेत थोडी धूळ होती पण ऊन मऊ होतं. आमच्या मुलांना क्रिकेटशिवाय काही ठाऊक नाही, त्यामुळे चेंडू मारल्याबरोबर माणूस बॅट टाकून पळत सुटतो हे बघून शार्विल पोट धरून हसला. "बाबा, ही फरगॉट हिज बॅट!" असं तो प्रत्येक वेळी ओरडायचा आणि पुढच्या रांगेतल्या जपानी आजीबाई वळून त्याला हसायच्या. हर्ष त्याला मांडीवर घेऊन नियम समजावत होता. त्याला स्वतःला ते येत नव्हते, पण तो ठोकून देत होता. इरा रेलिंगला लटकून उभी होती. मी त्या तिघांचा फोटो काढला. तोच एक फोटो आहे माझ्याकडे. तो तुला पाठवणार नाही.

मग झेबा आली. तिचा नवरा हर्षच्याच डिपार्टमेंटला आहे, लखनौकडचे लोक. मनाने सरळ बाई. खालच्या रांगेत मुलांच्या गालांना हात लावून माझ्या शेजारी येऊन बसली, पुरी खाल्ली आणि म्हणाली, "भाभी, वो बच्चों का बंक बेड हम इस जुम्मे को उठवा लें, या आप के जाने के बाद?"

मी म्हटलं, "कहाँ जाने के बाद?"

तिचा घास हातातच राहिला. तिने आधी माझ्याकडे, मग खाली बसलेल्या हर्षकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "आप लोगों का फायनल एक्झिट लग गया है ना? हर्ष भाई ने तो बताया था. वॉशिंग मशीन विनय के घर जा रही है, बेड हमारे यहाँ."

इथे राहणाऱ्या बाईला हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या आधाराने. त्याने मोबाईलवर बोट टेकवलं की बायकोमुलांचा इथला मुक्काम खलास, त्याचा स्वतःचा चालूच. मुदतीच्या आत देश सोडायचा. बायकोची सही लागत नाही. रद्द करायचं तर तेही त्यानेच करायचं. माझ्या पोरांच्या पलंगावर आता झेबाच्या मुली झोपणार होत्या, हे झेबाच्या मुलींना माहीत होतं आणि मला नव्हतं. बिचारी झेबा रडकुंडीला आली. माझीच माफी मागत राहिली.

मी खाली उतरून हर्षजवळ गेले. शार्विलला इराकडे पाठवलं आणि विचारलं. त्याने नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. मैदानाकडे बघत म्हणाला, "घरी बोलू. इथे तमाशा नको. मुलांचा दिवस खराब करू नकोस." मी तिथेच उभी राहिले. तेव्हा आवाज आणखी खाली घेऊन म्हणाला, "आईला कुणीतरी हवं आहे, संपदा. तुला विचारलं की तू नाही म्हणतेस. मग काय करायचं माणसाने?"

तुला विचारलं की तू नाही म्हणतेस. हे वाक्य त्याने किती सहज म्हटलं, किशोरी! म्हणजे यातली चूक विचारण्याची होती. ती या वेळी सुधारली.

मी कधी नाही म्हणाले होते? डिसेंबरमध्ये आई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आपण तिघं बोललो होतो. मी म्हटलं होतं, दिवसा-रात्रीच्या दोन बायका ठेवू, त्यांचा पगार माझ्या पगारातून जाईल, आणि मे-जूनची सगळी सुट्टी मी नाशिकला आईंजवळ येऊन राहते. नाहीतर काही महिने तू त्यांना तुझ्याकडे ने. तू म्हणालीस, तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असते आणि बँकेत मार्च एंडचं काम आहे. मी म्हटलं, मलाही शाळा आहे. त्यावर तू गप्प झालीस. मला वाटलं, पटलं तुला. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मला इतक्या वर्षांत कळू नये, हे माझंच दुर्दैव.

आईंबद्दल माझ्या मनात काही नाही, हे तुला ठाऊक आहे. इराच्या वेळी त्या इथे येऊन राहिल्या होत्या. भर उन्हाळ्यात, एकही माणूस ओळखीचा नसताना, बंद घरात त्यांनी चार महिने काढले आणि मला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. मी त्यांचं करणार नाही असं कधीच म्हटलं नाही. माझ्या आयुष्याचं काय करायचं ते मला विचारून ठरवा, इतकंच म्हटलं होतं.

मॅच आम्ही पूर्ण बघितली. हसशील, पण खरंच पूर्ण बघितली. मी मुलांना पुऱ्या वाढल्या, शार्विलचं नाक पुसलं, टाळ्या वाजवल्या. शेवटी शेवटी एका अमेरिकनाने मारलेला चेंडू उडून आमच्याकडे आला आणि रांगांमधून घरंगळत नेमका इराच्या पायाशी थांबला. सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तो खेळाडू येऊन तिला "कीप इट, स्वीटहार्ट" म्हणाला. पोरगी नुसती चमकत होती. मला तिच्याकडे बघवेना.

परत येताना हर्षने किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. गाडीत कुणी बोलेना. इराला ते सहन झालं नाही. मागून म्हणाली, "मम्मा, आर यू अँग्री बिकॉज यू फाउंड आउट? बाबा सेड इट्स अ सरप्राइज फॉर यू. मी कुणालाही नाही सांगितलं. आत्याने आजीकडची आमची रूम दाखवली व्हिडिओवर. येलो कलर दिलाय. ती म्हणाली, मम्माला सांगू नकोस, मजा येईल."

आत्या म्हणाली.

तोपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते की हे एकट्या हर्षचं काम आहे. नवरा आहे, घाबरला असेल, आईच्या काळजीने त्याला काही सुचलं नसेल. तोपर्यंत माझ्या डोक्यात असंच होतं की घरी गेल्यावर पहिला फोन किशोरीला करायचा. किशोरी त्याला झाडेल. किशोरी म्हणेल, दादा, तुला लाज नाही वाटत का? माझ्या आठ वर्षांच्या मुलीला तू तिच्या आईशी खोटं वागायला शिकवलंस, किशोरी. तिला वाटत होतं, ती माझ्यासाठी काहीतरी छान जपून ठेवतेय.

घरी आल्यावर हर्षने बरंच काही सांगितलं. रद्द करणार का, एवढंच मी विचारलं. नाही म्हणाला. त्यापुढचं मला ऐकू आलं नाही म्हटलंस तरी चालेल. शाळेत राजीनामा देऊन आले. प्रिन्सिपल अफशाँ मॅडमनी खुर्चीवरून उठून मला जवळ घेतलं. काही विचारलं नाही त्यांनी. त्यांनी अशा किती बायका पाहिल्या असतील.

परवा आईंचा फोन आला. वॉकर धरून आतल्या खोलीपर्यंत चालत जाऊन, दार लावून केला होता. म्हणाल्या, "संपदा, किशोरी सांगते की तूच हट्ट धरलास यायचा. हर्ष नको म्हणत होता तरी. खरं आहे का गं? तुझी तर शाळा चांगली चालली होती ना?" मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मलाही कुणी विचारलं नाही, बाई. मी तर सांगत होते, बाई ठेवा म्हणून." या सगळ्यात मला नीट प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पुढच्या बुधवारी मी आणि मुलं मुंबईला उतरू, पण नाशिकला येणार नाही. अफशाँ मॅडमच्या ओळखीने साताऱ्याजवळच्या एका निवासी शाळेत मला नोकरी मिळाली आहे. राहायला दोन खोल्या आहेत, मुलांचे प्रवेश झाले आहेत. मुलांना भेटायला हर्षला कधीही येता येईल, मी अडवणार नाही. आईंना हे मी त्याच फोनवर सांगितलं आहे, तेव्हा त्या माझी वाट बघत दाराकडे डोळे लावून बसणार नाहीत. बुधवारपासून त्यांचं कोण करणार, ते तू बघ, आठवडा आहे तुझ्या हातात. एअरपोर्टवर गाडी पाठवू नकोस. हर्षला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. तू सांग. माझ्याबद्दल तुम्हा दोघांचं बोलणं होतच असतं.

तुझी,
संपदा