बॅटरीला ऊब

१८ जानेवारी
माझा मुलगा शिजिर यंदा राजधानीत कुस्तीला उतरणार. नव्या वर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी, टीव्हीवर. सगळ्या शेजाऱ्यांना आमच्याच तंबूत बघायला बोलावून मी मोकळी झाले. अडचण एवढीच, सोलरची बॅटरी थंडीत मेल्यासारखी पडते. बातम्यावाला तोंड उघडतो आणि टीव्ही गुल. सोपं काम आहे. उद्याच गरम करते तिला.

१९ जानेवारी, सकाळ
बाहेरच्या पेटीत बॅटरीला जाड लोकरीचा नमदा गुंडाळला, कोकराला गुंडाळतो तसा. नवरा म्हणतो, कोकरात स्वतःची ऊब असते, ह्या धोंड्यात कुठली? आत घे. आत कुठे घेऊ? चुलीशी दोन करडं, सासूबाई आणि तो स्वतः. शिवाय त्याला बॅटरीतलं काय कळतं.

२२ जानेवारी
बॅटरी बर्फ. नमदाच हलका निघाला. तो नवऱ्याने केलेला.

२६ जानेवारी
डोकं चालवलं. पातेल्यात निखारे, पातेलं पेटीत. टीव्ही चांगला तासभर चालला! मग आठवलं, सणासाठी गोठवलेले मटण भरलेले कणकेचे बूझ त्याच पेटीत आहेत. आठवडाभर बसून वळलेले. उघडलं तर सगळ्यांचा मिळून एकच बूझ. शेजारची त्सेरमा बघून म्हणते, बरं झालं ताई, वाढताना मोजायला नको. हिची बॅटरी पलंगाखाली लोळत असते, हिच्या नवऱ्यासारखी. हिला हसायला काय जातंय.

३ फेब्रुवारी
बॅटरी मेंढ्यांच्या वाड्यात नेली. एवढ्या मेंढ्यांची ऊब फुकट. बोकडाने वायर खाल्ली. नवऱ्यावर ओरडले तर म्हणतो, त्या बिचाऱ्याला काय माहीत तुझा मुलगा पैलवान आहे ते.

७ फेब्रुवारी
नवी वायर लावून बॅटरी आत आणली. माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं. तिला चुलीजवळची जागा, करडं सासूबाईंच्या पांघरुणात. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा मलाच ठेव बाहेर पेटीत.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
तंबू खचाखच भरला. चूल धडधडत होती, बॅटरी फुल, चित्र लख्ख. नवरासुद्धा म्हणाला, मानलं बुवा तुला. शिजिर गरुडासारखे हात पसरून मैदानात आला. मी चहा ओतायला वळले. परत बघते तर पठ्ठ्या पाठीवर आडवा.

मग तेच पुन्हा दाखवलं, सावकाश. मग दुसऱ्या बाजूने. त्याचं वासलेलं तोंडसुद्धा दिसत होतं. सगळे आपापल्या चहात बघू लागले. त्सेरमा तेवढी हळूच म्हणाली, ताई, बॅटरी मात्र झकास चालतेय हं.

तिसऱ्यांदा तो पडायला लागला तशी मी पायाने वायर ओढली. म्हटलं, गेली बघा बॅटरी. थंडीच एवढी आहे.

सगळ्यांनी घाम पुसत माना हलवल्या.