निर्दोष ठरलेला कोबी

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझी सर्दी कशी आहे? भावोजी अजून रेडिओ खोलून बसतात का? (बसत असतील तर उरलेले स्क्रू जपून ठेव.)

इकडे सगळं ठीक, फ्रिज सोडून. तुझी भावजय टॉवर क्रेन चालवते, हे तुझं चार घरी सांगून झालंच असेल. मी चाळीस घरी सांगितलंय. सकाळी शिडीने पंधरा मजले चढायचं, इवल्याशा केबिनमध्ये बसायचं आणि टनावारी लोखंड अलगद खाली ठेवायचं. वर शौचालय नाही. घरचा स्वयंपाक माझ्याकडे. आणि दर महिन्याला दोन दिवस तिचं पोट पार कामातून जायचं: कळा, मळमळ, जुलाब. आता मी अन्न तपासनीस! दुसऱ्यांच्या भटारखान्यांना कुलूप लावणारा मी, आणि माझ्याच हातचं खाऊन बायको आडवी? अब्रूचाच प्रश्न झाला.

मग मी रीतसर चौकशी लावली. प्रत्येक जेवणाचा नमुना डबीत, वर तारीख आणि माझी सही; फ्रिज अजून त्या डब्यांनी भरलाय. टाकी धुतली, दूधवाल्याशी भांडलो (बिचारा अगदी सज्जन निघाला), कोबीवर बंदी घातली. पाच महिन्यांनी प्रयोगशाळेने कोबीसकट सगळ्यांना निर्दोष ठरवलं. शेवटी मी तिच्या आजारपणाच्या तारखांचा तक्ता भिंतीवर लावला. तिने जाता जाता पाहिला आणि म्हणाली, "अहो साहेब, या माझ्या पाळीच्या तारखा आहेत."

मी तक्ता उतरवून ठेवला. पाळीत दुखतं हे ठाऊक होतं. पोटही त्यापायीच बिघडतं, हे माझ्या गावीही नव्हतं. मग एकेक कळलं. खाली उतरावं लागू नये म्हणून त्या दिवसांत ती उपाशी, पाण्याचा घोटही न घेता वर चढायची. गेल्या महिन्यात वरच डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने क्रेन थांबवली, एकटीने शिडी उतरली आणि मुकादमाला तोंडावर सांगितलं की आज मी चालवणार नाही. एवढं धैर्य आमच्या अख्ख्या खात्यात नाही गं! पण आता क्रेनचं काम सुटेल या भीतीने घरी येऊन खूप रडली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाला आखडायला लावणारी द्रव्यं शेजारच्या आतड्यांनाही सोडत नाहीत. पण इतका त्रास 'चालायचंच' म्हणून अंगावर काढायचा नाही, तपासायचा. तपासण्या चालू आहेत, औषधाने बराच उतार आहे. या महिन्यात ती त्याच दिवसांत पोटभर जेवून वर गेली. मी खाली उभा राहून मान अवघडेपर्यंत बघत होतो.

तुझा,
धाकटा

ता. क. कोबीची माफी मागितली आहे.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच. तू दर महिन्याला दोन दिवस 'पित्ताने' लोळायचीस आणि मी त्याला नाटक म्हणायचो. अजूनही लोळतेस, असं भावोजी म्हणाले. चुकलो गं ताई. मंगळवारी अकराला त्याच डॉक्टरीणबाईंकडे तुझा नंबर लावलाय. न्यायला तुझी भावजय येईल. नाही म्हणायचं असेल तर तिलाच सांग. माझी तर आजवर हिंमत झालेली नाही.