फ्यूजमधली जाड तार

भाऊजी,

सासूबाईंना टांग्यातून दवाखान्यात नेते आहे. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे.

दिवेलागणीला पावरहाऊसकडून वीज एकाएकी जोरात आली. दिवे पांढरेफटक झाले आणि माजघरातली तार पेटली. खरं तर फ्यूज वितळून वीज तिथल्या तिथे तुटायला हवी होती. पण गाण्याच्या बैठकीत दिवे जाऊ नयेत म्हणून तुम्ही त्यात तांब्याची जाड तार घातलीत. मी अडवलं, तर पाहुण्यांदेखत म्हणालात, "वहिनी, आप तो चूल्हा संभालो!" सगळे हसले होते.

आज पडदा पेटला तेव्हा तो हातानं ओढून विझवला तो तुमच्या आईनं.

मेन स्विच मी बंद केला आहे. फ्यूजला बारीक तार बसवल्याशिवाय स्विचला हात लावाल तर याद राखा. कंदील देवघरात आहे.

टांग्याची वाट पाहताना सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांना सांग, कढईतलं तेल सांडलं. पोराचं नाव घेऊ नकोस."

त्यांचा शब्द मी आजवर मोडला नाही. आज मोडणार आहे.

दुर्गा वहिनी