फळीवरचा बिल्ला

मी, दिनकर भिवाजी गजभिये, फरीदाबादच्या मालधक्क्यावरचा निवृत्त मुकादम, मूळ गाव पवनी, जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम मयूर विहार, दिल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी पाजलेली नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे याची खात्री करायला शेजारच्या डॉक्टर मैत्रेयीबाई समोर बसल्या आहेत. त्यांनी मला वार विचारला आणि पंतप्रधान विचारले. दोन्ही बरोबर सांगितले. पंतप्रधानांबद्दल माझं मतही सांगितलं, ते त्यांनी लिहून घेतलं नाही. दुसरे साक्षीदार भाऊसाहेब वासनिक सोफ्यावर बसून माझ्या बायकोने, कौसल्येने केलेला चिवडा खात आहेत. हे सगळं शुद्धीचंच लक्षण आहे.

कलम पहिले, घर. हा फ्लॅट कागदावर अर्धा माझा आहे, पण खरा कौसल्येचा. सरकारी कचेरीत टाइपरायटरवर बोटं झिजवून तिने सोसायटीचं सभासदत्व मिळवलं. मी फक्त सामान वर चढवलं. माझा अर्धा हिस्सा तिला. तिच्या माघारी अतुल आणि ऋचा या दोघा मुलांना सारखा.

कलम दुसरे. बँकेत आणि पोस्टात जे काही निघेल ते सगळं कौसल्येचं. तिने ते तीर्थयात्रेत घालवलं किंवा साड्यांत घालवलं तरी कोणी तोंड वाकडं करू नये.

कलम तिसरे. पोती ओढायचा माझा लोखंडी आकडा मुलगी ऋचाला द्यावा. ती मुनिरक्यात खोली घेऊन शिकते आहे. लहानपणी याच आकड्याने तिने अख्ख्या सोसायटीची जांभळं पाडली होती, आणि वॉचमनला सांगितलं होतं की हे युनियनचं काम आहे. तिच्यात धमक आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम चौथे. माझ्या टोळीतल्या हरिदासला माझा चहाचा थर्मास द्यावा. इतक्या वर्षांत त्याने त्याहून जड काही उचललेलं मी पाहिलं नाही.

कलम पाचवे. मला आपल्या रीतीप्रमाणे निरोप द्यावा. त्रिशरण, पंचशील म्हणावं, बास. युनियनने भाषणं करू नयेत. श्राद्ध, पिंड, कावळा, यातलं काही नको. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पुढचं कलम वाचताना हे वाक्य ध्यानात ठेवावं.

कलम सहावे, माझा बिल्ला. हे मृत्युपत्र मी याच कलमासाठी लिहीत आहे. बाकीची पाच नसती तरी चाललं असतं.

आमच्या धक्क्यावर प्रत्येक हमालाचा, मुकादमाचा आणि युनियनच्या सेक्रेटरीचाही पितळी बिल्ला असतो, त्यावर नंबर असतो. सकाळच्या हजेरीला आता अंगठ्याचं मशीन आलं आहे. पण ओव्हरटाइमची हजेरी अजून जुन्या फळीवरच लागते, कारण मशीन लावायला आलेल्या माणसाला युनियनने हाकलून दिलं. पाचचा भोंगा झाला की ज्याचा बिल्ला फळीवर तो कामावर. बिल्ला कोणी लावला, माणूस कुठे आहे, कोणी विचारत नाही.

ओव्हरटाइम आम्ही लढून मिळवलेला आहे, त्याला कोणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. मी स्वतः गेटवर आडवा झालो होतो. पण नंतर हरिदास आणि मंडळींनी एक रिवाज पाडला, शेवटचा डबा राखून ठेवायचा. मालगाडी लागली की दिवसभर रेंगाळत रेंगाळत पोती उतरवायची, तंबाखू मळायची, सावली शोधायची, आणि शेवटच्या डब्याचं दार भोंगा होईपर्यंत उघडायचंच नाही. भोंग्यानंतर बिल्ले लावायचे आणि मग चहाला जायचं. मी शिव्या दिल्या, हातापाया पडलो. "मुकादमजी, मालिक चोर है, हम क्यों मरें?" असं हरिदास म्हणायचा.

माझा दोस्त बबन मेश्राम, माझ्याच गावचा, मीच त्याला धक्क्यावर आणलेला. तो म्हणायचा, "मालक चोर असेल रे, पण पोत्याने काय घोडं मारलंय?" मंडळी चहाला गेली की तो एकटा शेवटच्या डब्यात शिरायचा आणि सगळ्यांच्या वाटणीचं उतरवायचा. सिमेंटची थप्पी लावायची त्याची स्वतःची पद्धत होती. पोत्यांची तोंडं आत, पाठी बाहेर, आणि वरचा थर आडवा. दुसरं कोणी तशी लावत नसे. एका संध्याकाळी चहा पिऊन आम्ही परतलो तेव्हा डब्यातली थप्पी त्याच्यावर कोसळली होती आणि तो संपला होता.

टोळीला लाज वाटली, खरंच वाटली. त्याच्या मुलीला नोकरी लागेपर्यंत घरी ओव्हरटाइमचं काही जात राहावं म्हणून सगळ्यांनी ठरवलं की बबनचा बिल्ला फळीवर चालू ठेवायचा. यात कोणाच्या मनात पाप नव्हतं. हरिदास तर रडला.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही चहाहून आलो तर शेवटचा डबा रिकामा. माल धक्क्यावर, तोंडं आत, पाठी बाहेर, वरचा थर आडवा. डब्याच्या दाराचं सील तुटून खाली पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग मंडळींना सवय झाली. सवय लागते हो, कशाचीही लागते! आधी दबकून चहा प्यायचे, पुढे पत्ते काढले. हळूहळू दिवसाही कोणी हात हलवेना. एक डबा राखायचे ते दोन राखू लागले. कोणी विचारलं तर हसून म्हणत, "बबनभाई देख लेंगे."

श्राद्ध घालत नाही म्हणून छाती काढून फिरणारे आम्ही. मग हे दुसरं काय चाललं होतं? श्राद्धात निदान मेलेल्याला जेवायला बोलावतात. आम्ही त्याला ओझी उचलायला बोलावलं.

बबनच्या मुलीला नागपूरला नोकरी लागली. त्याच दिवशी मी बिल्ला काढून खिशात टाकला. त्या संध्याकाळी डबा जसाच्या तसा, भरलेला. टोळी आत शिरली, पण कोणाची पाठ साथ देईना, कोणाचा दम पुरेना. मोठमोठे गडी पोत्याला धरून खोकत बसले. माल पडून राहिला आणि गोंधळ झाला. तेव्हा युनियनचा सेक्रेटरी झालेला होता आमचा अतुल. त्याने माझ्या खिशातून तो बिल्ला काढला आणि परत फळीवर लावला.

"बाबा, यार, तुम्ही पण ना! कोणाचं काय नुकसान होतंय?"

"बबनचं होतंय."

"बबनकाका गेले, बाबा. आता त्यांना काय फरक पडतो?"

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. युनियनने हार घातला, शाल दिली, आणि अतुलने माईकवर सांगितलं, "बाबांचा बिल्ला मान म्हणून फळीवर कायम राहील." टाळ्या पडल्या. कौसल्येच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र शाल काढून खुर्चीवर ठेवली.

तेव्हापासून पाच वाजले की मला गुंगी येते. खुर्चीत असो, भाजी निवडत असो, मान पडते. डोळ्यांपुढे तो डबा येतो. आत सिमेंटचा धुरळा आणि पुढे बबनची पाठ. तो वळत नाही, बोलत नाही, नुसता उचलतो. मग मीही उचलतो. जागा होतो तेव्हा खांदे सोललेले असतात आणि नखांत राखाडी भुकटी असते. मैत्रेयीबाईंनी माझे तळवे पाहून विचारलं होतं, "काका, तुम्ही बाल्कनीच्या पलीकडे जात नाही, मग हे ताजे फोड कुठले?" त्यांनी मलम दिलं. मी ते लावतो.

मी जिवंत असताना ही गत, मग मेल्यावर काय? आता निदान डोळे उघडले की घर दिसतं. नंतर डोळे उघडायला जागाच राहणार नाही. मला फार भीती वाटते. मी आयुष्यभर राबलो, मला आता पडून राहायचं आहे.

अतुलला हात जोडून सांगितलं की तो बिल्ला काढ. तो हसला. म्हणाला, "चलो, बघू, बाबा." दमलेला दिसतो पोरगा. युनियनच्या ऑफिसात पंख्याखाली बसणाऱ्याला कसला थकवा? कौसल्या रोज कटकट करते की ह्याच्या उशीचा अभ्रा राखाडी का होतो, आंघोळ करतो की नाही हा.

तरी माझी शेवटची इच्छा अशी की, माझे डोळे मिटल्याबरोबर ऋचाने फरीदाबादला जावं, स्वतःच्या हाताने माझा आणि बबनचा असे दोन्ही बिल्ले फळीवरून उतरवावेत आणि माझ्याबरोबर चितेवर ठेवावेत. कोणी आडवं आलं तर आकडा आहेच.

येथपर्यंत लिहून मी सहीसाठी पेन उचललं आणि पाच वाजले. पुढचं जागा झाल्यावर लिहीत आहे. मैत्रेयीबाई म्हणतात की मी टेबलावर डोकं टेकून निजलो होतो, नाडी चालू होती.

मी डब्यात होतो. बबन पुढे होता. आज तो प्रथमच थांबला आणि बाजूला सरकला. त्याच्या पुढे तिसरा कोणी तरी होता. वाकलेला, पोत्याखाली गुडघे लटपटत होते, खोकत होता. पोतं धरायचीही अक्कल नव्हती त्याला, तोंडाकडून धरलं होतं. आम्ही तिघे एका रांगेत. बबनने मला मान हलवून खूण केली, बघ म्हणून.

माझा अतुल होता तो.

तो सेक्रेटरी आहे. रोज पाच वाजता सगळ्यात आधी त्याचा बिल्ला फळीवर लागतो आणि तो ऑफिसात चहा पितो. फळीला मेलेलं कोण आणि जिवंत कोण हे कळत नाही. बिल्ला लागला आणि माणूस आला नाही, तर त्याच्यातलं काही तरी काम करायला ओढलं जातं. आता कुठे त्या उशीचा अर्थ मला लागला. आज हरिदासचाही खोकला कुठून तरी मागून ऐकू आला.

मी अतुलच्या पाठीवरचं पोतं घेतलं. त्याने मला ओळखलं नाही. लहानपणी झोपेत चालायचा, तेव्हा जसा बघायचा तसाच बघत होता.

तो आपला बिल्ला काढणार नाही. मी त्याला ओळखतो, माझाच आहे. हे सगळं वाचूनही तो हसेल आणि म्हणेल, बाबांचं वय झालं होतं. ऋचाने त्याला सांगत राहावं, भांडत राहावं, थकू नये.

म्हणून कलम सहावे मी येथे दुरुस्त करत आहे. बबनचा बिल्ला काढावा, त्याचं पुष्कळ झालं. माझा बिल्ला काढू नये. अतुलचा ज्या दिवशी फळीवरून उतरेल त्याच दिवशी माझा उतरवावा, त्याआधी कोणी हात लावू नये. माझी भीती कमी झालेली नाही. पण ते पोतं त्याला झेपत नाही.

ठिकाण : मयूर विहार, दिल्ली
दिनांक : १९ मे २०२५

(सही) दिनकर भिवाजी गजभिये

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्यांनी संपूर्ण शुद्धीत सही केली, आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. कलम सहामधील दुरुस्ती त्यांच्याच हातची आहे. शेवटच्या पानावरचे राखाडी ठसे शाईचे नाहीत. ते आम्ही पुसून पाहिले.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. मैत्रेयी रानडे
२. (सही) भाऊसाहेब वासनिक