पाठकोऱ्या वह्या आणि प्राचार्यबाईंचे चार मसुदे

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नक्की कळव (वसतिगृहाच्या डॉक्टरबाईंना मी तुझ्यासाठी औषध विचारलं, तर त्यांनी उलट मलाच हे विचारलं). काकांनाही नमस्कार आणि त्यांच्या खोकल्यालाही, तो आता घरचाच झालाय. मी मजेत आहे. दोन्ही वेळा जेवते. बोटांना सुया टोचल्यात, पण तो तुझाच प्रसाद.

म्हणजे असं की, सुट्टीत तू तुझ्या बाइंडिंगच्या दुकानात मला वह्या शिवायला शिकवलंस, त्या जोरावर मी आणि माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने कॉलेजात पर्यावरणस्नेही धंदा काढलाय. (तिला सगळे फूटपट्टी म्हणतात, ती दूधसुद्धा मोजून पिते.) ऑफिसच्या रद्दीतले पाठकोरे कागद शिपाईमामांकडून घ्यायचे, त्यांच्या वह्या शिवायच्या आणि जिन्याखाली टेबल मांडून विकायच्या. टेबलावर पाटी लावली, ‘वही घ्या, झाड वाचवा.’ पंधरा दिवस झाड राहू दे, पानही हललं नाही. वनस्पतिशास्त्राचा एक विद्यार्थी तेवढा थांबला, पण तो विचारायला लागला, झाड कोणतं, केवढं, आणि एका झाडात वह्या किती? मग आम्हालाच चैन पडेना, म्हणून टेबल सोडून तिघं ग्रंथालयात शोधत बसलो. उत्तर काही सापडलं नाही, त्याने वहीही घेतली नाही.

आणि एक दिवस पहिल्या वर्षाची एक मुलगी धापा टाकत आली. तिने घेतलेल्या वहीत एका पानाच्या मागे कुठल्याशा सरांनी पंख्याबद्दल केलेली तक्रार होती, ‘सदर पंखा फिरतो, परंतु वर्ग चालू असताना तो’ इथे पान संपलं होतं. पंखा काय करतो, हे तिला हवं होतं! पुढचं पान शोधायला तिने आणखी तीन वह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी ही गर्दी. कोरी बाजू कुणी बघेना, सगळे वह्या उलट्या धरून चाळत होते. आत्या, माणसं झाडासाठी वही घेत नाहीत, दुसऱ्याचं अर्धवट पत्र पुरं व्हावं म्हणून घेतात. हा धडा आम्हाला फार आवडला, कारण आम्हीही तेच करत होतो. (पंखा काय करतो ते अजून कळलेलं नाही.)

मग ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी विकत घेतलेली वही दोन फायलींच्या मध्ये लपवून आणली होती. “मी दुसऱ्या ओळीला थांबले,” त्या म्हणाल्या, “तुम्हीही थांबा.” आम्ही थांबलो नाही. आमच्या प्राचार्यबाई, ज्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खा मजला गप्प होतो, त्यांच्या अक्षरात राजीनाम्याचे चार मसुदे होते. पहिल्यात पानभर कारणं. दुसऱ्यात फक्त प्रकृती. तिसऱ्यात एकच ओळ, ‘दिवसभर सह्या करते, मला पुन्हा शिकवायचं आहे.’ चौथ्यात ‘माननीय अध्यक्ष महोदय’ आणि एक स्वल्पविराम.

फूटपट्टी म्हणाली, जाळून टाकू. धूर होईल, आपण पर्यावरणवाले, असं मी म्हटलं. खरं सांगायचं तर वही परत देताना मला बाईंचा चेहरा बघायचा होता. पण त्यांच्या खोलीत वही टेबलावर ठेवली आणि स्वतःचीच लाज वाटली. बाईंनी चारही पानं सावकाश वाचली, जणू कुणा तिसऱ्याचीच असावीत.

“कुणी कुणी वाचलं?”

“आम्ही दोघींनी. ग्रंथपालबाईंनी दोन ओळी.”

“मग? काय वाटलं?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “तिसरा बरा आहे.”

बाईंनी तिसरं पान पुन्हा काढलं, आणि मी मनातल्या मनात सामान बांधून घरी पोचले. मग त्यांनी वही खणात टाकली आणि बजावलं, पुढे कुणाच्या हाताचं लिहिलेलं एकही पान वहीत जाता कामा नये. हे न वाचता कसं निवडायचं, ते मात्र सांगितलं नाही. फूटपट्टी आता कागद उलटे धरून निवडते. (उलटं वाचायला आठवड्यात शिकली.) सोमवारपासून आमचा पर्यावरणाचा तास बाई स्वतः घेऊ लागल्या. पहिल्या दिवशी तासाची घंटा झालेली त्यांना ऐकूच आली नाही. राजीनामा काही दिला नाही. आमची गर्दी ओसरली. आता लोक वह्या लिहायला नेतात, म्हणजे फारच कमी नेतात.

तुझी लाडकी भाची

ता. क. जाड सुया दोन आणि मेण लावलेला दोरा पाठव.

ता. क. आणखी एक, आणि पत्र खरं यासाठीच. पर्यावरणाच्या पेपरात मी नापास झालेय. पहिलाच प्रश्न ‘कागदाचा पुनर्वापर’ आला, त्यावर मी तेरा पानं लिहिली आणि उरलेले चार प्रश्न तसेच राहिले. तपासणाऱ्या बाईच. ‘उत्तर उत्तम’ असा शेरा आहे. बाबांना तू सांग, शेऱ्यापासून सुरुवात कर.